'ध'चा 'मा' खरंच आनंदीबाईंनी केला का? नारायणराव पेशव्यांच्या खुनातले पुरावे काय सांगतात

कुणी एखादा शब्द फिरवून भलताच अर्थ काढला की आपण पटकन म्हणतो, 'याने ध चा मा केला.' ऑफिसातल्या ईमेलपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत हा वाक्प्रचार आजही जोरात चालतो. त्यामागची गोष्टही बहुतेकांना पाठ असते. राघोबादादांनी पुतण्याला 'धरावे' असं लिहून दिलं, त्यांच्या पत्नीने, म्हणजे आनंदीबाईंनी, त्या 'ध'चा 'मा' केला, चिठ्ठीत 'मारावे' झालं आणि गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्याला शनिवारवाड्यात कापून काढलं.

गंमत अशी की हा नुसता वाक्प्रचार नाही, एका खुनाच्या खटल्याचा निकाल आहे. आरोपी कोण, हत्यार काय, गुन्हा कसा केला, हे सगळं तीन शब्दांत सांगून मोकळं. अडीचशे वर्षं तो निकाल वाचला जातोय आणि त्याचा पुरावा कुठाय, हे फारसं कुणी विचारत नाही.

पुरावा आहे, पण तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा वेगळी आहे.

घरातलं भांडण

नानासाहेब पेशव्यांना तीन मुलगे होते. थोरले विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडले. दुसरे माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. उरले धाकटे नारायणराव. जन्म १० ऑगस्ट १७५५ चा, म्हणजे पेशवेपदाची वस्त्रं मिळाली तेव्हा वय सतरा.

नानासाहेबांचे सख्खे धाकटे भाऊ म्हणजे रघुनाथराव, सगळ्यांचे राघोबादादा. १७५८ मध्ये लाहोर घेऊन अटकेपर्यंत धडकलेल्या फौजेचे सेनापती. रणांगणावर नाव मोठं, पण पेशवाईची गादी मात्र आधी भावाकडे, मग पुतण्याकडे. माधवरावांशी त्यांचा उघड संघर्ष झाला. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत माधवरावांनी काकांना हरवलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. मरणापूर्वी माधवरावांनी काका-पुतण्यांची समजूत घालून दिली खरी, पण ती समजूत काही महिनेच टिकली. एप्रिल १७७३ मध्ये नारायणरावांनी काकांना पुन्हा वाड्यात अडकवलं.

एकाच वाड्यात एकीकडे राज्य करणारा पुतण्या आणि दुसरीकडे कैदेत बसलेला, चाळिशीकडे झुकलेला काका. नारायणराव तापट होते, माणसं तोडून बोलायचे, असं अनेक जुन्या हकिकतींमध्ये येतं. त्यामुळे नाराज लोकांना काका हा आयताच आधार मिळाला.

३० ऑगस्ट १७७३, सोमवारची दुपार

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणेशोत्सवाचे दिवस, अनंत चतुर्दशीच्या आदला दिवस. दुपारी एकच्या सुमारास गारदी वाड्यात घुसले. गारदी म्हणजे पगारी पायदळ, कवायती पद्धतीने लढणारे भाडोत्री शिपाई. वाड्यावर पहारा त्यांचाच होता. सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरगसिंग ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. निमित्त होतं थकलेल्या पगाराचं.

दारात त्यांना अडवायला गेलेल्या इच्छारामपंत ढेरे यांना गारद्यांनी तिथेच कापलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आरडाओरडा ऐकून नारायणराव पळाले, ते सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंकडे. तिथून काकांच्या दालनात. त्यांनी काकांना मिठी मारली. काकांच्या चाकरीतला तुळाजी पवार पुढे झाला, त्याने नारायणरावांना ओढलं आणि गारद्यांनी वार केले. त्यांना वाचवायला अंगावर पडलेला सेवक चापाजी टिळेकरही तिथेच मेला.

इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी दिलेल्या हकिकतीनुसार सगळा प्रकार जेमतेम अर्ध्या तासात आटोपला आणि अकरा माणसं मेली. त्यात दोन दासीही होत्या. एक गायही कापली गेली.

'काका, मला वाचवा' ही आरोळी आणि पौर्णिमेच्या रात्री वाड्यात ऐकू येणारा आवाज, हा नंतरच्या लोककथेचा भाग. रील्ससाठी तो उपयोगी असेल, पुरावा म्हणून नाही. शिवाय तो मूळ वाडाही आता नाही. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्या. आज आपण पाहतो ते तट, दरवाजे आणि जोती. गुन्ह्याची जागा तपासायची म्हटली तर तपासायला भिंतीसुद्धा शिल्लक नाहीत.

सरदेसाईंच्या कथनात आणखी एक चटका लावणारी गोष्ट आहे. त्या सकाळी रघुजी आंग्रे यांनी नारायणरावांना धोक्याची कल्पना दिली होती. नारायणरावांनी ती हरिपंत फडक्यांच्या कानावर घालून बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत म्हणाले, बघतो, आणि जेवायला निघून गेले. म्हणजे कट इतका गुप्त नव्हताच, शहरात कुजबुज होती.

रामशास्त्र्यांचा तपास

खुनानंतर कारभार साहजिकच राघोबादादांच्या हाती आला. पेशवेपदाची वस्त्रं त्यांना १० ऑक्टोबर १७७३ रोजी आळेगावला मिळाली. त्यांच्याच राजवटीत त्यांच्याच विरोधात तपास करणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करा. तो केला न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी, साधारण सहा आठवडे.

सरदेसाईंनी या तपासातला एक आकडा दिला आहे आणि तो फार बोलका आहे. कमी-अधिक दोषी ठरलेले एकूण ४९ लोक. त्यात १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभू आणि ७ मराठे. गारदी जेमतेम चौथा हिस्सा. बाकी सगळी पेशव्यांच्या आसपास वावरणारी, दरबाराशी संबंध असलेली माणसं. खुद्द कारभारी सखारामबापू बोकील यांच्याबद्दलही तेव्हा संशय घेतला गेला.

४९ माणसं सामील असलेला कट एका रात्रीत, एका अक्षराने, एका बाईने उलटवला, हे पटायला जड जातं. इतकी माणसं जेव्हा गुंतलेली असतात तेव्हा बेत बैठकांमध्ये ठरतो, निरोप्यांमार्फत फिरतो, पैशांचा व्यवहार होतो. चिठ्ठी हा त्यातला एक कागद.

रामशास्त्र्यांनी राघोबादादांना समोरासमोर विचारलं. दादांनी कबूल केलं की नारायणरावांना पकडण्याचा हुकूम आपण लेखी दिला होता, मारण्याचा नाही. यावर शास्त्र्यांनी सांगितलं की या पापाला प्रायश्चित्त एकच, देहांत. आणि तुम्ही सत्तेवर आहात तोवर आपण पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून ते निघून गेले. हा प्रसंग मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. १९४४ मध्ये प्रभातने 'रामशास्त्री' चित्रपट काढला, तोही याच माणसावर.

पण या प्रसंगातली एक गोष्ट सहसा निसटते. दादांचा बचाव होता 'मी फक्त धरायला सांगितलं'. न्यायाधीशाने तो ऐकला आणि तरीही देहांत सांगितला. म्हणजे 'ध' होता की 'मा', या प्रश्नाने शास्त्र्यांच्या निकालात फरक पडला नाही. ज्या बचावाला १७७३ मध्ये न्यायासनाने किंमत दिली नाही, तोच बचाव पुढे लोककथेने उचलून धरला.

आनंदीबाईंचं नाव येतं कुठून?

या गोष्टीचा छापील इतिहासातला ठळक आधार म्हणजे जेम्स ग्रँट डफ याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास. डफ साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. तिथे त्याला कागदपत्रं मिळाली, जुन्या माणसांशी बोलता आलं. पुस्तक प्रसिद्ध झालं १८२६ मध्ये. खुनाला तोवर ५३ वर्षं झाली होती.

डफने जे लिहिलंय ते नीट पाहिलं तर त्यात दोन वेगवेगळी विधानं आहेत. पहिलं असं की मूळ कागद नंतर रामशास्त्र्यांच्या हाती लागला आणि त्यात 'धरावे'चं 'मारावे' केलेलं दिसलं. दुसरं असं की हा बदल आनंदीबाईंनी केला, अशी सर्वांची समजूत आहे.

पहिलं विधान वस्तूबद्दल आहे. एक कागद होता, त्यात खाडाखोड होती. दुसरं विधान समजुतीबद्दल आहे. कुणी पाहिलं, कुणी साक्ष दिली, अक्षर कुणाचं होतं, यातलं काहीही तिथे येत नाही. कोर्टाच्या भाषेत याला ऐकीव पुरावा म्हणतात, आणि तोही अर्धशतकानंतरचा. डफने प्रामाणिकपणे ती समजूत म्हणूनच नोंदवली, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. ती 'समजूत' गाळून सरळ 'आनंदीबाईंनी केला' असं म्हणायला लागलो ते आपण. ध चा मा म्हणतात तो प्रकार इथे अक्षरशः झालाय.

शिवाय ही समजूत १८२६ च्या आसपास इतकी पक्की का असावी, हेही बघण्यासारखं आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ती ज्याच्या हातून बुडाली तो दुसरा बाजीराव हा राघोबा-आनंदीबाईंचाच मुलगा. त्याच्याबद्दल लोकांच्या मनात प्रचंड राग होता. राज्य बुडवणाऱ्याची आई त्या राज्याला लागलेल्या कीडेची सुरुवात होती, ही गोष्ट त्या काळात सांगायला सोपी आणि ऐकायला सोयीची होती.

चिठ्ठीचीच उलटतपासणी

ती मूळ चिठ्ठी आज अभ्यासकांसमोर नाही. ती असती तर शाई, अक्षराचं वळण, कागद यावरून बरंच काही कळलं असतं. पण चिठ्ठीशिवायही काही प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न लिपीचा. दरबारी पत्रव्यवहार मोडीत चालायचा. मोडीत लिहिताना आधी ओळीची रेघ आखून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नाही. काना अक्षराला जोडून येतो. 'धरावे'चं 'मारावे' करायचं तर ध चा म करावा लागतो आणि वर एक कानाही घुसवावा लागतो. आपण देवनागरीत जितकं सहज कल्पितो तितकं हे बेमालूम होणारं काम नाही. डफचं पहिलं विधान खरं धरलं तर बदल ओळखूही आला होता. म्हणजे जे काही केलं होतं ते ढोबळ होतं.

दुसरा प्रश्न कागदाच्या प्रवासाचा. आज पोलिस जप्त केलेली वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची नोंद ठेवतात, कारण मधल्या प्रत्येक हाताला त्यात फेरफार करण्याची संधी असते. ही चिठ्ठी राघोबादादांकडून निघाली आणि गारद्यांच्या म्होरक्यांपर्यंत गेली. मध्ये तुळाजी पवारसारखी माणसं होती, ज्यांचा स्वतःचा राग होता. शेवटी ती बराच काळ गारद्यांच्या ताब्यात राहिली. आनंदीबाईंचा हात त्या कागदाला लागलाच नसेल असं नाही. पण लागू शकणाऱ्या अनेक हातांपैकी तो एक.

तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. या बदलाचा फायदा कुणाला?

गारद्यांचा विचार करा. त्यांच्याकडे 'धरावे' असा हुकूम होता आणि त्यांनी पेशव्याला मारलं. उद्या राज्य फिरलं तर? 'धरावे' लिहिलेला कागद त्यांना फासावर चढवतो. 'मारावे' लिहिलेला कागद निदान असं म्हणू देतो की आम्ही हुकमाचे ताबेदार. लेखी हुकूम मागण्यामागे हेतूच स्वतःला वाचवण्याचा असतो. त्यामुळे खाडाखोड झाली असेल तर ती खुनाआधी झाली, हेही गृहीत धरायचं कारण नाही. खुनानंतर ती करण्याची सगळ्यात जास्त गरज गारद्यांना होती. हा तर्क आहे, साक्ष नाही. पण आनंदीबाईंवरच्या आरोपामागेही साक्ष नाही आणि त्या आरोपापेक्षा हा तर्क परिस्थितीला जास्त जुळतो.

दुसरा लाभार्थी म्हणजे खुद्द राघोबादादा. 'मी धर म्हटलं, कुणीतरी मार केलं' हे वाक्य ज्या माणसाला वाचवतं, ते त्याच माणसाच्या तोंडून आलंय. पुढे इंग्रजांकडे पेशवेपदावर दावा सांगायला जाताना त्याची गरज आणखी वाढली. पुतण्याचा खुनी हा शिक्का त्या दाव्याच्या आड येणारच होता.

आणि एक शक्यता अशीही आहे की चिठ्ठीतल्या अक्षराचा या खुनाशी संबंधच नव्हता. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले इच्छारामपंत इथे येतात. दारातच एक माणूस कापला गेल्यावर गारद्यांना मागे फिरायची सोय उरली नाही. पेशव्याला जिवंत सोडणं म्हणजे स्वतःचा शिरच्छेद ओढवून घेणं. डफच्या हकिकतीत शेवटच्या क्षणी राघोबांनी पुतण्यासाठी रदबदली केल्याचं येतं आणि त्यावर सुमेरसिंगाचं उत्तर साधारण याच अर्थाचं आहे: आता इतकं पुढे आल्यावर स्वतःचा घात करून घेणार नाही, बाजूला व्हा, नाहीतर तुम्हीही मराल. हे बोलणारा माणूस चिठ्ठीत काय लिहिलंय याचा विचार करत नाहीये.

पण आनंदीबाईंना हेतू तर होता ना?

मालिका आणि नाटकांत हेतू सरळ दाखवतात. आपला मुलगा पेशवा व्हावा म्हणून आईने कारस्थान केलं. इथे तारखा आडव्या येतात. बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यात १० जानेवारी १७७५ चा, म्हणजे खुनानंतर सोळा महिन्यांहून जास्त काळाने. चिमाजीअप्पा तर १७८४ मध्ये जन्मले, राघोबादादांच्या निधनानंतर. १७७३ च्या ऑगस्टमध्ये घरात वारस म्हणून होते ते दत्तक घेतलेले अमृतराव. जो मुलगा जन्मलाच नव्हता त्याच्यासाठी खून केला, असं म्हणावं लागेल.

नवरा पेशवा व्हावा, त्याची कैद सुटावी, हा हेतू मात्र असू शकतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आनंदीबाई राजकारण समजणाऱ्या होत्या. थोरल्या जाऊबाई गोपिकाबाई, म्हणजे नारायणरावांच्या आई, यांच्याशी त्यांचं जमत नव्हतं. त्यांना कटाची काहीच कल्पना नव्हती असं छातीठोक सांगता येणार नाही. आंग्र्यांना कल्पना होती, तर त्यांना नसेल कशी?

पण हेतू असणं आणि कृत्य करणं यात अंतर आहे. हेतू मोजायला बसलो तर त्या ४९ जणांना होताच, आणि सगळ्यात मोठा होता राघोबादादांना. तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते आनंदीबाईंचं. १९०९ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आलं आणि नवऱ्याला चिथावणारी, महत्त्वाकांक्षी आनंदीबाई पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर पक्की झाली. नाटक जोरदार आहे, त्याचा दोष नाही. नाटकाला खलनायिका लागते. खटल्याला साक्षीदार लागतो.

समजा, सगळी गोष्ट खरी आहे

आता उलट बाजूने बघू. आनंदीबाईंनीच ध चा मा केला, राघोबादादांना पत्ताही नव्हता, असं धरून चालू. मग दादा सुटतात का?

आपल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १११ होतं. नव्या भारतीय न्याय संहितेत तेच तत्त्व कलम ५१ मध्ये आहे. तुम्ही एका कृत्याला चिथावणी दिली आणि घडलं दुसरंच, पण ते दुसरं कृत्य पहिल्याचा संभाव्य परिणाम असेल, तर त्याचीही जबाबदारी तुमच्यावर येते. दंड संहितेत दिलेलं उदाहरण तर जणू शनिवारवाड्यावरूनच घेतलंय. एकाने दोघांना मध्यरात्री घर फोडून लूट करायला सांगितलं, त्यासाठी हत्यारं दिली. घरातल्या माणसाने विरोध केला आणि त्या दोघांनी त्याला मारलं. खून हा त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल तर लुटीला पाठवणारा खुनाच्या शिक्षेला पात्र ठरतो.

हा कायदा अठराव्या शतकात नव्हता, हे उघड आहे. पण विचार तोच आहे जो रामशास्त्र्यांनी केला. हत्यारबंद, पगार थकलेले, चिडलेले शिपाई राजवाड्यात सोडायचे, राज्यकर्त्यावर हात टाका म्हणून सांगायचं आणि मग रक्त सांडल्यावर म्हणायचं की मी तर फक्त धरायला सांगितलं होतं. इथे 'ध' राहिला काय आणि 'मा' झाला काय.

खुनानंतरचं वागणंही पुराव्यात धरतात. आपल्या नावाने, आपल्या हुकमाचा विपर्यास करून कुणी आपल्या पुतण्याला मारलं असेल तर माणूस काय करेल? मारेकऱ्यांना पकडेल. राघोबादादांनी गारद्यांना शिक्षा केली नाही. त्यांच्या पैशांच्या आणि किल्ल्यांच्या मागण्यांवर बोलणी केली आणि पेशवाईची वस्त्रं स्वीकारली. कागदाचा 'विपर्यास' झाला असेल, पण त्याचं फळ त्यांनी नाकारलं नाही.

पुढे कोणाचं काय झालं

खून झाला तेव्हा नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. दादा मोहिमेवर असताना नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे वगैरेंनी एकत्र येऊन त्यांना पुरंदरावर नेलं. हेच बारभाईंचं कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवा करण्यात आलं. राघोबादादा पळत पळत सुरतेला इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये त्यांच्याशी तह केला, आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध उभं राहिलं. ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटलं. ११ डिसेंबर १७८३ रोजी दादा कोपरगावला वारले. खुनाचा खटला त्यांच्यावर कधी पुरा झाला नाही.

महंमद इसाफला बारभाईंनी पकडून देहदंड दिला. खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला गेले होते. काही वर्षांनी तेही पुणे दरबाराच्या हाती आले आणि मारले गेले. रामशास्त्री नव्या राजवटीत पुण्याला परतले आणि १७८९ मध्ये मरेपर्यंत न्यायाचं काम पाहत राहिले.

आनंदीबाईंना नाना फडणवीसांनी मुलांसह नजरकैदेत ठेवलं, आधी कोपरगावला आणि मग नाशिकजवळ आनंदवलीत. कारण उघड होतं. त्यांच्या मुलांचा गादीवर हक्क पोहोचत होता. १७९४ मध्ये त्या तिथेच वारल्या. पुढच्याच वर्षी सवाई माधवराव शनिवारवाड्यात गच्चीवरून पडून गेले, आणि डिसेंबर १७९६ मध्ये आनंदीबाईंचा मुलगा बाजीराव पेशवा झाला.